आधी पाहुण्यांचं पान

अन्याय डोमेशवर झाला. गेल्या वर्षी, तान्ह्या पोळ्याच्या दुपारी, सामना सुरू व्हायच्या आधी, त्याच्या पुरणपोळीवर तुपाची तिसरी धार पडली तेव्हा.

हसू नका. मी पत्रकं लिहीत मोठी झालेली मुलगी आहे. मैदानासाठी लिहिली, तलावाकाठच्या झाडांसाठी लिहिली, बसथांब्यावरच्या छपरासाठी लिहिली. पत्रकात पहिल्याच ओळीत सांगावं लागतं की अन्याय कोणावर झाला आणि केव्हा झाला, नाहीतर वाचणारा त्या कागदात शेंगदाणे बांधून घेतो. तर ते सांगून झालं. आता ते तूप कोणी वाढलं, काहून वाढलं, आणि आपण सगळे ते बघत कसे उभे राहिलो, हे एका पानाच्या पत्रकात मावत नाही. मी बसवून पाहिलं. म्हणून हे जरा लांबलं.

रायपुरात पुन्हा तेच दिवस आलेत. बूढ़ापाऱ्यात तलावाच्या कडेने मातीचे बैल विकायला बसलेत. चाकं लावलेले, लाल तोंडाचे, वरून प्लास्टिक पांघरलेले, कारण पाऊस अजून गेलेला नाही. जातो जातो म्हणतो आणि गल्लीच्या तोंडाशी घुटमळत राहतो. शेजारच्या छत्तीसगढी घरात ठेठरी-खुरमी तळणं सुरू आहे, आपल्या घरांत डाळ शिजून राहिली आहे, आणि मधली भिंत एकच असल्यामुळे तळलेलं बेसन आणि गूळ यांचा मिळून एक तिसराच वास गल्लीत उभा असतो. शंकर नगरच्या ऑफिसातून सुटल्यावर मी सरळ समता कॉलनीतल्या घरी जायला हवं. स्कूटी इकडेच वळते. वळते आणि मग मला राग येतो. वासाचा राग येणं हा काय प्रकार आहे, मला माहीत नाही. पण पुरणाचा वास आला की मला ती दुपार आठवते आणि हातात काहीतरी धरून आपटावंसं वाटतं.

आमचा फुटबॉलचा क्लब म्हणजे पारा इलेव्हन. पारा म्हणजे वस्ती, हे बाहेरगावच्यांसाठी. जुन्या घरांच्या मागे एक मैदान आहे, म्हणजे मैदानाएवढी मोकळी जागा आहे. एका बाजूला भिंत, तिच्यावर बसायला जागा पकडण्यासाठी लोक दुपारीच रुमाल टाकून जातात. दुसऱ्या बाजूला स्कूटर्सची रांग, तीच आमची गॅलरी. एका गोलपोस्टसमोर, उजव्या कोपऱ्यात, एक डबकं आहे. ते पोळ्यापासून दिवाळीपर्यंत वाळत नाही. आमच्या पोरांना पक्कं माहीत असतं की तिथे चेंडू गेला की थांबतो. पाहुण्यांना माहीत नसतं. ते जोरात धावत येतात, चेंडू मागेच राहतो, आणि भिंतीवरून आवाज येतो, "अरे भैया, गाडी पार्क कर दी क्या?"

या मैदानावर सगळ्यांना सगळ्यांची नावं माहीत आहेत. गोलकीपरच्या आजीला गुडघेदुखी आहे हे पंचालाही माहीत आहे. मध्यंतरात खेळाडू वर्तुळ करून बसतात तेव्हा त्या वर्तुळाच्या बाहेर लोकांचं एक वर्तुळ असतं आणि त्याच्याबाहेर आणखी एक, आणि प्रत्येक वर्तुळातून सल्ला येत असतो. सल्ला देणाऱ्यांची मुख्य गादी भाऊकाकांची. भाऊकाका रेल्वेतून निवृत्त झालेत. क्लबचे अध्यक्ष तेच, प्रशिक्षक तेच, आणि पावसामुळे कोणी आलं नाही तर एका बाजूचे लाइन्समनही तेच. त्यांच्या वडिलांनी वर्ध्याहून येऊन इथे संसार मांडला. भाऊकाकांचा जन्म इथलाच, पण कोणी विचारलं की "आमचं गाव वर्धा" म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात "हव जी" असा इथला होकार देत मान डोलावतात.

आणि त्यांच्या घरच्या वंदनाकाकू. आमच्या क्लबचा खरा बचाव काकूंचा आहे, बचावफळीचा नाही.

गोष्ट अशी आहे. फार पूर्वी कधीतरी बाहेरगावचा एक संघ उपाशीपोटी सामन्याला आला. काकूंना ते कळलं. पाहुणी पोरं आपल्या दारात उपाशी खेळणार? काकूंनी चार घरं हलवली, झुणका, भाकरी, भात, वर साखरभात, सगळं मैदानावर आणलं आणि पोरांना पत्रावळींवर बसवलं. पोरं पोटभर जेवली, आडवीतिडवी खेळली आणि हरली. पुढच्या वेळी पुन्हा जेवण झालं, पुन्हा पाहुणे हरले. मग तो रिवाजच पडला. आधी पाहुण्यांचं पान. आमची पोरं सामना संपल्यावर, उभ्याउभ्या, उरलेलं खातात, आणि उरलेल्यात चांगलं काय ते काकूंनी आधीच बाजूला झाकून ठेवलेलं असतं.

याच्यावर वर्षानुवर्षं विनोद चालत आलेत. पाहुण्यांचा एखादा भिडू दमून कंबरेवर हात ठेवून उभा राहिला की भिंतीवरून ओरडा होतो, "काकू, याले अजून एक वाटी देऊन या!" काकू पदराने तोंड पुसत म्हणतात, "मी कोणाच्या तोंडात कोंबलं का? पाहुणा आहे, वाढावं लागते." पाहुणेही रागावत नाहीत. कितीदा तर पुढच्या वर्षी तेच विचारतात, काकी, इस बार क्या बनाया? म्हणजे जेवणाने काय होतं, हे लपलेलं नव्हतंच. मैदानावरच्या लहान पोरालाही ते माहीत होतं. एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आमची लीग दोन गटांची. आम्ही खालच्या गटात. खालच्या गटातला पहिला वर जातो. आम्ही कधी दुसरे, कधी तिसरे. दर मोसमाच्या शेवटी, शेवटची शिट्टी झाली की सगळं मैदान एका सुरात ओरडतं, "अगले साल ऊपर!" मी हे लहानपणापासून ओरडत आले आहे. माझ्या वडिलांच्या खांद्यावरून ओरडले आहे. ओरडताना छाती भरून येते. मग लोक घरी जातात आणि शांत झोपतात. ते शांत झोपतात, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. ज्याला खरंच वर जायचं असतं आणि राहून जातं, त्याला इतकी चांगली झोप लागेल का?

डोमेशला लागत नाही. डोमेश आमचा पुढच्या फळीतला खेळाडू. गल्लीच्या पलीकडच्या खोल्यांमध्ये राहतो. वडील गवंडी. तीजाच्या सणाला आई माहेरी गेली की तो हमखास काकूंच्या ओट्यावर जेवायला, तिथून पुढे इतर दिवशीही. काकूंची स्वतःची दोन्ही मुलं बंगलोरला. मराठी कळतं, उत्तर हिंदीत देतात, नातवंडं इंग्रजीत. डोमेशला मराठी बोलता येत नाही, पण तो "काकी, तर्री और है क्या" असं विचारतो तेव्हा काकूंचा चेहरा बघावा. दिवसा तो टाइल्सच्या दुकानात माल चढवतो. संध्याकाळी मैदानावर येतो तेव्हा केसांत पांढरी पूड असते.

एका ऑफिसच्या संघाचा प्रशिक्षक त्याला खेळताना बघून म्हणाला होता, "ऊपर वाले ग्रुप में एक सीज़न खेल ले, फिर मेरे पास आना." ऑफिसचा संघ म्हणजे नोकरी. खेळायची नोकरी. डोमेश ते वाक्य आम्हाला सांगायचा. पुन्हा पुन्हा, तेच, एकही शब्द इकडेतिकडे न करता. आम्ही दर वेळी म्हणायचो, "होणार रे, होणार." हे म्हणायला काही लागत नाही.

तर गेल्या वर्षी झालं असं की आम्ही पहिल्यांदा शेवटच्या सामन्यापर्यंत पहिल्या जागेच्या तोंडाशी उभे राहिलो. जिंकलो की वर. बरोबरी झाली तर नाही. सामना तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या दुपारी. सकाळी पोरं लाकडाचे आणि मातीचे बैल घेऊन दारोदार फिरून गेलेली, त्यांच्या हातावर बोजाऱ्याचे पैसे ठेवून झालेले, आणि काकूंनी सणाचं म्हणून पाहुण्यांसाठी पुरणाचा घाट घातलेला. शेजारच्या घरातून ठेठरी-खुरमीची परात आली. मैदानाच्या कडेच्या नीमाच्या झाडाखाली पत्रावळी मांडल्या, पोळ्या वाढून झाल्या, आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. धमतरीकडून येणारी त्यांची गाडी पाण्यात कुठेतरी अडकली होती.

मी मैदानाच्या त्या टोकाला झेंड्यांच्या दोऱ्या बांधत होते. काय झालं ते नंतर सगळ्यांनी मला सांगितलं, आणि प्रत्येकाने तसंच सांगितलं, जणू पाठ केलं होतं. काकू म्हणाल्या, "वाढलेलं पान मी परत नेत नाही. बसा रे पोट्टेहो, सण आहे." पोरांनी भाऊकाकांकडे पाहिलं. भाऊकाकांनी आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "खाऊन घ्या. पाहुणे येईपर्यंत जिरून जाते."

मी पोचले तेव्हा आमचे अकराच्या अकरा, बूट काढून, मांडी घालून बसले होते. डोमेशने पत्रावळीवर हात आडवा धरला होता.

"बस काकी. खेलना है."

"खेळशील रे! रोज काय वाऱ्यावर खेळतो का? घे."

त्याने हात काढला. काकूंनी तूप सोडलं. ती तिसरी धार मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

"काकू, सामना आहे!" मी म्हणाले.

"मले माहीत आहे," काकू म्हणाल्या.

आजूबाजूचे सगळे हसले. विनोद तर तोच होता, वर्षानुवर्षांचा. फक्त पत्रावळीसमोर माणसं दुसरी बसली होती. कोणी म्हटलं, "आज तर आपलेच पाहुणे झाले!" आणखी हसू. डोमेश खाली मान घालून जेवत होता. तो जेवला, कारण त्या हाताने वाढलेलं त्याने कधी टाकलं नव्हतं.

थोड्या वेळाने गाडी आली. पाहुणे उड्या मारत उतरले, उशीर झाला म्हणून माफी मागितली, "खाना मैच के बाद, काकी," म्हणाले, दोन घोट चहा घेतला आणि तडक मैदानात.

सामन्याचं काय सांगू? आमची पोरं पळत होती, पण पाण्यातून चालल्यासारखी. पाहुण्यांनाही गोल करता आला नाही, कारण डबक्याने त्यांना दोनदा अडवलं. डबकं आमच्याशी प्रामाणिक राहिलं. शेवटाकडे एकदा चेंडू मधोमध सुटला आणि डोमेश एकटा निघाला. समोर फक्त गोलकीपर. असा तो एकटा निघाला की काय होतं हे आम्हाला पाठ आहे. भिंतीवरचे सगळे उभे राहिले. आणि चार पावलं उरली असताना त्याचा हात बरगडीखाली गेला. कळ आली होती. तो वाकला, चेंडू पायातून लांब गेला, गोलकीपरने येऊन उचलला.

मग मैदानातून एक आवाज आला. मला त्या मैदानाचे आवाज कळतात. गोल हुकला की "हाऽऽय" होतं, पंच चुकला की काय होतं ते इथे लिहिता येत नाही, आणि हरलो की एक जड शांतता होते. हा आवाज त्यांच्यातला नव्हता. हा आवाज दवाखान्यातून बाहेर आल्यावर माणसं करतात तसा होता. काही नाही निघालं, घरी जा म्हणाले, असा.

शिट्टी झाली. शून्य-शून्य. आणि एवढ्या वर्षांत कधी झाला नव्हता इतका जोरात ओरडा झाला, "अगले साल ऊपर!" लोक डोमेशला मिठ्या मारत होते. भाऊकाकांनी त्याला जवळ घेतलं. काकू रडल्या, आणि ते रडणं खोटं नव्हतं. सगळे इतक्या प्रेमाने वागत होते की मला किळस आली. डोमेश गोलपोस्टला टेकून बसला होता आणि कोणी पाठ थोपटली की "हव, हव" म्हणत होता.

हे कोणी ठरवून केलं का? नाही. मी वर्षभर विचार केला आहे, आणि नाही. कट असता तर बरं झालं असतं. कटाविरुद्ध पत्रक लिहिता येतं. गाडी अडकली, पानं वाढलेली होती, सण होता, काकूंचा हात सढळ होता. प्रत्येक गोष्ट खरी आहे. पण त्या जेवणाने काय होतं हे तिथल्या एकूण एक माणसाला माहीत होतं, हेही खरं आहे. दोन्ही खरं एकत्र धरलं की माझी झोप जाते.

मी याच लोकांना वेगळं पाहिलेलं आहे, म्हणून जास्त त्रास होतो. आमच्या मैदानावर गाड्या लावायची जागा करायचं घाटत होतं तेव्हा हीच माणसं रस्त्यावर बसली होती. काकू उन्हात बसल्या. भाऊकाकांनी साहेबाला तोंडावर सुनावलं. मी कागद घेऊन फिरले, "मैदान वाचवा" म्हटलं की लोक माझ्या हातातून पेन ओढून घ्यायचे. ते मैदान आम्ही वाचवलं. मग मी दुसरा कागद घेऊन फिरले, वरच्या गटात जायचं तर काय काय लागेल, कोण काय करेल. पेन कोणालाच सापडत नव्हतं. "वाचवा" म्हटलं की आपण वाघ. "जाऊ द्या" म्हटलं की चष्मा शोधायला लागतो.

भाऊकाकांशी माझं यावर भांडण झालं. सामन्यानंतर काही दिवसांनी, त्यांच्या ओट्यावर.

"काका, तुम्हाला वर जायचं होतं की नव्हतं? मले एका शब्दात सांगा."

"तू वर पाहिलं का काय आहे ते? प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत."

"हे उत्तर नाही झालं."

"उत्तरच आहे. वर गेलो की सामने तिकडे शहराबाहेर, नव्या राजधानीकडे. भिंत नाही, नीम नाही, काकूचं पान आत नेऊ देत नाहीत. दोन वर्षांत बाहेरचे खेळाडू आणावे लागतात. मग नाव आपलं, पोट्टे कोणाचे तरी. मोठं झालं की आपलं नाही राहत, बाई. आपलं मराठी मंडळ पाहा. पन्नास खुर्च्यांचा हॉल आहे, पण गणपतीत प्रत्येकाले माहीत असते कोणाच्या घरची आरती आहे. तो हॉल वाढवू म्हटलं तर मी पहिला आडवा येईन."

"हॉलला नोकरी नाही लागणार, काका. डोमेशला लागणार होती."

यावर ते उठले. मग म्हणाले, "चहा घेतेस का?"

मला त्यांची भीती कळते. इथेच तर सगळी गोची आहे. आपण रायपूरचे मराठी लोक लहान राहून टिकलेले आहोत. एवढ्याशा हॉलमध्ये, चार घरांच्या हळदीकुंकवात, "काहून" आणि "हव" एकाच वाक्यात बोलत. जे वाढलं, ते हिंदी झालं किंवा बंगलोरला गेलं. भाऊकाकांना प्रत्येक मोठी गोष्ट जाण्याची तयारी करताना दिसते. त्यांच्या दृष्टीने ते क्लब अडवत नाहीत, धरून ठेवतात. पण ज्याला धरून ठेवलंय तो क्लब नाही. तो एक माणूस आहे आणि त्याच्या केसांत टाइल्सची पूड आहे.

वर काय आहे ते पाहायचंच म्हणून थंडीत मी एकदा वरच्या गटाचा सामना पाहायला गेले. भाऊकाका खोटं बोलत नव्हते. खुर्च्याच खुर्च्या, आणि रिकाम्या. दारावर गार्डने माझी पाण्याची बाटली काढून घेतली. कर्ण्यावरून कोणीतरी खेळाडूंची नावं वाचत होतं, आणि ती ऐकून एकही माणूस हसला नाही, ओरडला नाही, कोणाच्या आजीचा विषय निघाला नाही. खेळाडूंचे श्वास ऐकू येत होते इतकी शांतता. मी शाल घट्ट ओढून बसले आणि मला माझ्याच पत्रकांचा संशय यायला लागला. याच्यासाठी? इथे येण्यासाठी मी एवढा घसा कोरडा केला? त्या क्षणी मला आमचं डबकं इतकं हवं होतं की काय सांगू.

मग खाली कठड्याजवळ एक ओळखीची पाठ दिसली. डोमेश. एकटाच आला होता, कोणाला न सांगता. मी जाऊन शेजारी उभी राहिले. तो सामन्याकडे बघतच नव्हता. जमिनीकडे बघत होता, आणि उभ्याउभ्या त्याचे पाय हलत होते. डावा, उजवा, डावा.

"घास देखो दीदी," तो म्हणाला. "एकदम बराबर है."

एवढंच. मला रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या, म्हणजे मला मी दिसत होते, माझे लोक दिसत होते, आमचं तिथे नसणं दिसत होतं. त्याला गवत दिसत होतं. जिथे चेंडू मारला तिथेच जातो असं गवत. डबक्याची आठवण त्याला येत नव्हती. कशाला यावी? डबकं आमच्यासाठी गंमत आहे. त्याला त्याच्यातून पळावं लागतं.

तेव्हापासून मला नीट बसवत नाही. कारण मी दोन्हीकडची आहे. मला भिंतीवरचा माझा रुमाल हवा आहे आणि डोमेशचं गवतही हवं आहे, आणि दोन्ही मिळत नाहीत हे मला कळतं. आपला छोटा क्लब मोठ्यांत जावा असं प्रेक्षकाला खरंच वाटतं का? मला विचाराल तर वाटतं, पण जसं पोरीचं लग्न व्हावं असं वाटतं तसं. व्हावं, पण या वर्षी नको, आणि शक्यतो याच गल्लीत. फरक एवढाच की इथे ज्याचं आयुष्य थांबतं त्याला कोणी विचारत नाही.

यंदा पुन्हा तेच जुळून आलंय. शेवटचा सामना, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याच मैदानावर. जिंकलो की वर. डोमेश अजून खेळतो. गेल्या वर्षापेक्षा एक पायरी हळू झालाय, पळून आल्यावर गुडघ्यावर हात ठेवतो. तो ऑफिसवाला प्रशिक्षक अजून तिथेच आहे, आणखी किती दिवस असेल कोण जाणे.

परवा मी काकूंकडे गेले. त्या डाळ निवडत होत्या.

"काकू, यंदा गाडी उशिरा आली तर?"

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "मी काय विष घातलं होतं का त्याच्यात?"

"नाही."

"मग? वर्षभर तोंड फुगवून फिरून राहिली. तू तुह्यी पत्रकं वाट, मले माह्या पोळ्या करू दे."

मी उठले नाही. मग काकू सुपालाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "माहे दोघं गेले तेव्हा मीच डबे भरून दिले. हसत दिले. सगळे म्हणाले, किती मोठं मन आहे. आता अजून किती मोठं करू?"

पत्रकात याला उत्तर नसतं. पण नंतर, स्कूटी सुरू करताना, मला वाटलं की उत्तर आहे, आणि ते काकूंनाच ठाऊक आहे. दोघांना डबे भरून दिले तेव्हा निघण्याच्या दिवशी त्यांचे पाय जड होतील असं काही त्यांना वाढलं नव्हतं.

काल संध्याकाळी मैदानावर डोमेश भेटला. मी म्हटलं, "तान्ह्या पोळ्याला मैच है, तैयार?" तो हसला. बूट झटकत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "दीदी, इस बार मैं घर से खा के आऊंगा."

बस, एवढंच. तक्रार नाही, आवाज चढवला नाही. म्हणजे त्याला कळलं होतं. वर्षभर माहीत होतं. वर्षभर तो त्याच ओट्यावर जेवत होता, तर्री मागत होता, आणि त्याला माहीत होतं. तेव्हा मला कळलं की आपलं काय गेलं. सामना नाही गेला. ज्या हाताचं त्याने कधी टाकलं नव्हतं, त्या हातापासून आता तो पोट सांभाळून राहणार आहे. भाऊकाका म्हणतात मोठं झालं की आपलं राहत नाही. काका, तुमच्या पाऱ्याच्या मैदानावर, तुमच्या नीमाखाली, एकही खुर्ची न मांडता, तो आपला राहिला नाही.

म्हणून आता मागणी. ही तुमच्याकडे आहे. भिंतीवर रुमाल टाकणाऱ्यांनो, स्कूटरवर बसणाऱ्यांनो, मंडळात हे वाचून "पोरगी जरा जास्तच बोलते" म्हणणाऱ्यांनो, तुमच्याकडे.

तान्ह्या पोळ्याला मैदानावर या. पाहुण्यांची गाडी उशिरा आली तर थांबा. पोळ्या गार होऊ द्या, पुरण आळू द्या, तूप थिजू द्या. वाढलेल्या पानांवरच्या माश्या हाकलत उभे राहा, पण आधी पान पाहुण्यांचं. काकूंचा हात आमच्या पोरांकडे वळला तर "सण आहे" म्हणून हसू नका, पुढे होऊन तो हात धरा. प्रेमाने धरा, पण धरा. आणि तुम्हाला ही पोरं वर जायला नकोच असतील, तर तसं शिट्टीच्या आधी मैदानात उतरून डोमेशला तोंडावर सांगा. मराठीत नाही जमलं तर हिंदीत सांगा.

तुपातून सांगू नका.